जावयाचा जोडा

डोमाजीने जावयाची टाच दोन्ही हातांनी धरून जोड्यात ढकलली, पण जोडा काही पाय आत घेईना. प्रल्हादने ओठ आवळून जोर लावला, बोटं दुमडून पाहिली, तरी टाच बाहेरच. शाळेच्या अंगणात वऱ्हाड उतरलेल्या जानोशात वाजंत्री खोळंबली होती आणि अर्धं महागाव नवरदेवाच्या पायाकडे माना वळवून पाहत होतं.

डोमाजीच्या घरची ही रीत होती. वरात निघण्याआधी सासऱ्याने स्वतःच्या हाताने शिवलेला जोडा जावयाच्या पायात घालायचा. यंदा तर त्या जोड्यावर त्याची सगळी इभ्रत टांगलेली होती. कापूस मातीमोल झाल्यापासून लोकांनी चामड्याचा जोडा शिवून घेणं सोडलं होतं. आठवडी बाजारात बाहेरदेशातून आलेल्या चकचकीत चपला-बुटांचे ढीग पडत, आणि एका पावसाळ्यात जीव सोडणारा तो माल लोक हौसेने नेत. खुद्द प्रल्हादच्या बापाने जोडे शिवायची आरी-रापी गुंडाळून पुसदला त्याच मालाचं दुकान थाटलं होतं. डोमाजीकडे गिऱ्हाईक म्हणून उरला होता तो फक्त खेमसिंग नायकाचा तांडा, आणि तिथली तरुण पोरंही आता कुरकुरत होती. जावयाच्या पायातला जोडा पाहू, मग तांड्याची मापं देऊ, असं खेमसिंग म्हणाला होता. तो आज वरातीला आला होता.

"राहू द्या मामाजी," प्रल्हाद म्हणाला. "पाय सोलून राह्यला माया."

त्याची बहीण लगबगीने एक खोका घेऊन पुढे आली. आतून परदेशी बूट निघाले, काळेभोर, तोंड दिसेल असे. प्रल्हादचे पाय त्यात अलगद गेले.

"बरं झालं नव्या वहिनीनं आधीच सांगतलं," ती हसत म्हणाली. "जोडा बसणार नाई, दुसरा घेऊन ठेवा म्हणून."

डोमाजी उठला. जोडा बसणार नाही हे पायात घालून पाहिल्याशिवाय कोणाला कळतं? हातात जोडा तसाच धरून तो वरातीच्या आधी घरी निघाला.

त्याची लेक नलू मुंडावळ्या बांधून बसली होती. त्याने बाया-पोरींना बाहेर काढलं.

"मापाचा कागद तूच आणून देल्ला होता."

नलूने मान खाली घातली.

"प्रल्हादच्याच पायाचं माप होतं ना?"

"त्यायचंच होतं, बाबा. मी कडेकडेनं कातरून लहान केलं."

डोमाजीला आठवलं. कागद किती सुबक कातरला म्हणून त्याने पोरीचं कौतुक केलं होतं.

"काहून?"

"त्यायले तो जोडा घालायचाच नव्हता. दुकानदाराचा पोरगा गावठी जोडा घालून मिरवला तर गिऱ्हाईक हसते म्हणे. ते तुमच्या तोंडावर नाई म्हटले असते, तर तुम्ही लग्न मोडलं असतं. तुमचा सोभाव मले ठाऊक नाई का?"

"म्हणून बापाचा हात खोटा पाडला?"

नलू रडू लागली. डोमाजीला तिची दया आली नाही. बाजारातल्या ढिगांनी धंदा नेला, त्यांना तो रोज शिव्या देई आणि मोकळा होई. पण पोटच्या पोरीने कात्री चालवली होती. तिला शिव्या तरी कोणत्या द्यायच्या, हे त्याला कळेना.

वाजंत्रीचा आवाज जवळ आला तसा तो बाहेर आला. वरात दाराशी थांबली होती. खेमसिंगने पुढे होऊन त्याच्या हातातला जोडा घेतला, तळ वाकवून पाहिला, टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"शिलाई तर झकास हाये, डोमाजी. मंग घोळ कुठं झाला? माप त्यायनं चुकीचं देल्लं का तू चुकला?"

प्रल्हादचा बाप शेजारीच उभा होता. त्याने कान टवकारले. दाराच्या फटीतून नलू पाहत होती.

"मीच चुकलो, नायक," डोमाजी म्हणाला. "आता नजर पहिल्यासारखी नाई राह्यली."

खेमसिंगने जोडा हळूच त्याच्या हातात परत दिला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"होते बाप्पा, वयानं होते असं. मंग आमची मापं राहू दे यंदा. पोट्टे पुसदहून आणतो म्हणून राह्यले. तुया व्याह्याचंच दुकान हाये, पैसा घरातच राहीन."

डोमाजीने मान डोलावली. जोडा काखेत मारून तो व्याह्याला मांडवात घ्यायला पुढे झाला.