देवाला सांगण्याआधी

दारावरची बेल वाजली की ताई न्हाणीघरात जायची आणि नळ सोडून बसायची. गेला महिनाभर हे असंच चाललं होतं. बाहेर आई पाहुण्यांना सांगायची, "अंघोळ करतेय हो," आणि पाहुण्या म्हणायच्या, "असू दे, आम्ही थांबतो." एखादी बाई भर दुपारी दुसऱ्यांदा अंघोळीला जाते, यात कुणालाही वावगं वाटायचं नाही. त्या थांबायच्या, चहा घ्यायच्या. ताई शेवटी बाहेर आलीच, तर तिच्या खांद्यावर हात ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि तिच्या मोडत चाललेल्या संसारासाठी प्रार्थना करायच्या. तीही एवढ्या मोठ्यानं, की वरच्या मजल्यावरच्यांनीसुद्धा आमेन म्हणावं!

दोन खोल्यांचं घर. भिंती पातळ. लपायला न्हाणीघराशिवाय जागा नव्हती आणि तिथली कडीही नीट बसत नव्हती.

या सगळ्याची सुरुवात धाकटीनं केली होती. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. वडील लवकर गेले. आईनं दोघी मुलींना वाढवलं ते चर्चच्या आधारानं. धाकटी त्या बाकांवरच लहानाची मोठी झाली. आता ती चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून भिंगं घासायची आणि दर शुक्रवारी न चुकता तरुण संघाच्या प्रार्थनेला जायची. तिथली एक पद्धत होती. शेवटी प्रत्येकानं उठून आपला 'प्रार्थनेचा विषय' सांगायचा. कुणाची परीक्षा, कुणाची नोकरी, कुणाच्या आजोबांचा दमा. मग सगळे मिळून तो विषय देवापुढे ठेवायचे. चांगलीच पद्धत आहे की. एकट्याचं ओझं चार जणांच्या खांद्यावर जातं.

ताई महिन्यापूर्वी एका सकाळी एक बॅग घेऊन माहेरी आली आणि म्हणाली, "मी आता तिकडे जाणार नाही." पुढे एक शब्द नाही. एका पलंगावर शेजारी झोपणाऱ्या धाकटीला तिनं तेवढं सांगितलं, "त्याच्या घरात मला श्वास घेता येत नाही गं. कुणाला सांगू नकोस."

धाकटीला हे खरंच वाटेना. कारण 'तो' म्हणजे भाऊजी, चर्चच्या गायनसंघाचे प्रमुख. मधासारखा आवाज. कधी कुणाला अरे-तुरे नाही. धाकटीला सूर लावायला त्यांनी शिकवलं होतं, आणि चारचौघांत उभं राहून प्रार्थना कशी करायची, शब्द कसे निवडायचे, तेही त्यांनीच. असा माणूस! नक्कीच काहीतरी गैरसमज असणार. प्रार्थनेनं मिटेल.

शुक्रवारी ती उठली आणि म्हणाली, "माझ्या ताईसाठी प्रार्थना करा. तिचं आणि भाऊजींचं बिनसलंय. ती घरी निघून आलीय. त्यांचा संसार पुन्हा उभा राहू दे." देवाला सांगणं म्हणजे काही 'कुणाला' सांगणं नव्हे, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. फक्त त्या खोलीत त्या वेळी देवाबरोबर आणखी वीसेक जण बसले होते.

"हे इथंच राहील," संघाचा सेक्रेटरी गंभीरपणे म्हणाला. रविवारच्या भक्तीपर्यंत ते चर्चभर झालं होतं. दोष तरी कुणाला द्यायचा? प्रत्येकानं प्रार्थनेसाठीच तर पुढं सांगितलं होतं!

त्यानंतरच्या आठवड्यात चर्चमधल्या अर्ध्या बायकांच्या चष्म्यांचे स्क्रू ढिले झाले. एकेक जण दुकानात यायची, धाकटीला पुढे बोलावून चष्मा तिच्या हातात द्यायची आणि काउंटरवर वाकून कुजबुजायची, "काय गं, मूल होत नाही म्हणून का? म्हणजे नेमकं कळलं की तशी प्रार्थना करता येते." धाकटी घट्टच असलेला स्क्रू पुन्हा घट्ट करायची. काही बोलावं तर आणखी पसरायचं. गप्प बसावं तर "म्हणजे तसंच काहीतरी आहे" असं व्हायचं. ती मूग गिळून राहिली. तिला वाटायचं, उठावं आणि चालत सुटावं. पण जाणार कुठं? तिचे मित्र-मैत्रिणी तिथलेच, तिचा रविवार तिथला, तिचा देवसुद्धा तिथलाच.

पुढचं तर फारच वेगानं झालं. चर्चच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं, की आता समेटाची प्रार्थना करायची. या चर्चची ती जुनी रीत. नवरा-बायकोनं शेजारी शेजारी गुडघे टेकायचे, बाकीच्यांनी दोघांवर हात ठेवायचे, आणि आमेन झालं की दोघांनी उठून तडक आपल्या घरी जायचं. एकदा हे झालं, की मग बायकोनं नाही म्हणणं म्हणजे देवालाच नाही म्हणणं.

"तुझं ऐकेल ती," सेक्रेटरी धाकटीला म्हणाला. "तूच विषय आणलास, आता तूच शेवटाला ने."

आणि तिनं नेला! भांडी विसळत असलेल्या ताईच्या मागे उभं राहून ती म्हणाली, "ताई, तू क्षमाच केली नाहीस, तर देवानं आपलं तरी कशाला ऐकावं?"

ताईनं नळ बंद केला. हात पदराला पुसले. मग म्हणाली, "बरं."

ते 'बरं' धाकटीला खटकलं. चर्चमध्ये सगळ्यांनी तिची पाठ थोपटली, पण तिला जेवण जाईना. ताई दिवसभर आज्ञाधारक मुलीसारखी वावरत होती. सांगितलं की बसायची, सांगितलं की उठायची. आईनं तिची बॅग भरली तेव्हा "निळा स्वेटर ठेवू का?" याचंही उत्तर तिनं "बरं" असंच दिलं.

रविवारी भक्तीनंतर सगळे घरी आले. शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणल्या होत्या, तरी निम्मे उभेच. खिडकी बंद, कारण रस्त्यावर ऐकू जायला नको. भरलेली बॅग दाराशी. चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, परगावी होते म्हणून त्यांच्या पत्नी, पाळकबाई, आल्या होत्या. या बाई म्हणजे थोडं अवघड प्रकरण. कुणाच्याही भाषणात मध्येच "मुद्द्याचं बोल" म्हणायच्या. त्यामुळे त्यांना कोपऱ्यातली खुर्ची दिली होती.

भाऊजी आले. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, ओले डोळे. त्यांनी आईच्या पायांशी वाकून विचारपूस केली. ताईच्या शेजारी गुडघे टेकले आणि प्रार्थना सुरू केली. काय तो आवाज! दोन वाक्यांत बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

"हे दयाळू बापा, तुझ्या या लेकीला नम्र कर..."

"आमेन," सगळे म्हणाले.

"तिच्या मनातला हट्ट मोड..."

"आमेन."

धाकटीला मात्र त्या दिवशी डोळे मिटताच येईनात. ती ताईकडे पाहत होती. ताईचे ओठ हलत होते. बरं झालं, धाकटीला वाटलं, तीही प्रार्थना करतेय. मग तिच्या लक्षात आलं, की ताईचे ओठ भाऊजींच्या एक शब्द पुढे आहेत. 'तिला तिची जागा दाखव' हे ताईच्या ओठांवर आधी आलं आणि भाऊजींच्या तोंडून नंतर.

"ताई," धाकटी म्हणाली, "तुला ही प्रार्थना पाठ कशी?"

भर प्रार्थनेत! "श्श!" कुणीतरी दटावलं. भाऊजी थांबले. ताईनं डोळे उघडले नाहीत.

"नेहमी ऐकायचे," ती म्हणाली.

"कधी?"

"दार उघडायच्या आधी."

"कुठलं दार?"

ताई डोळे मिटूनच एका सुरात बोलत गेली. "गायनाचा सराव असला की तो मला आतल्या खोलीत ठेवायचा आणि बाहेरून कुलूप लावायचा. 'आपल्या चुकांचा विचार कर' म्हणायचा. परत आला की दाराबाहेर उभं राहून ही प्रार्थना म्हणायचा. मी आतून आमेन म्हटलं की उघडायचा. नाही म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून."

आमेन! त्या खोलीतल्या प्रत्येकानं आत्ताच, तोंड भरून, तेच तर म्हटलं होतं. धाकटीनंही म्हटलं होतं.

भाऊजी मात्र डगमगले नाहीत. हळुवारपणे म्हणाले, "तिचं मन थाऱ्यावर नाही. मी जे केलं ते तिच्या आत्म्यासाठी. आई, तुम्हीच सांगा, मी कधी हिच्यावर हात तरी उचलला का?"

आई गोंधळली. "नाही, तसं म्हणजे..."

"कुलूप लावायला हातच लागतो," कोपऱ्यातून पाळकबाई म्हणाल्या.

त्या उठल्या. खुर्च्यांमधून वाट काढत आल्या आणि ताईला दंडाला धरून उभं करायच्या ऐवजी खाली तिच्याशेजारी फरशीवर बसल्या. गुडघे दुखतात म्हणून वर्षभर त्या चर्चमध्येही गुडघे टेकत नव्हत्या.

सेक्रेटरी चाचरत म्हणाला, "बाई, हे वाईटच झालं. पण क्षमा... क्षमा तर करायलाच हवी ना? आपली शिकवणच ती."

"करेल ती. तिला जेव्हा जमेल तेव्हा करेल, इथं बसून करेल. क्षमा मनानं करायची असते रे. त्यासाठी पुन्हा त्याच खोलीत जाऊन बसावं लागतं, हे तुला कुणी शिकवलं? आणि ज्यानं कुलूप लावलं, त्याला पश्चात्ताप कर म्हणून कुणी गेलं का महिनाभरात? त्याच्या दारात कोण चहा प्यायला बसलं होतं?"

सेक्रेटरी मागे सरकला.

"आपण सगळे हिच्यासाठी प्रार्थना करत होतो," बाई पुढे म्हणाल्या. "हिला एकानं तरी विचारलं का, 'बाई गं, तुला काय हवंय?' देवाला सगळं आधीच माहीत असतं. त्याला आपल्याकडून बातमी नको असते. बातमी आपल्याला हवी असते! आपली उत्सुकता आपण देवाच्या नावावर खपवली. मीही इथं आलेच की. मीही विचारलं नव्हतं."

मग त्या भाऊजींकडे वळल्या. "तू पुढच्या रविवारी गायनसंघापुढे उभा राहणार नाहीस. पाळकसाहेबांशी मी बोलते. आणि हिला पोलिसांकडे किंवा वकिलाकडे जायचं असेल, तर मी हिच्याबरोबर जाईन. आता ऊठ."

भाऊजींनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. कुणीतरी आपल्या बाजूनं बोलेल असं त्यांना वाटत होतं. शेवटी त्यांनी धाकटीकडे पाहिलं. "तू तरी सांग. तुला मी काय काय शिकवलं..."

"तुम्ही शिकवलं," धाकटी म्हणाली. "तुम्ही जा, भाऊजी."

आईनं दाराशी ठेवलेली बॅग उचलली. "लोक काय म्हणतील" या एका काळजीत आयुष्य काढलेली ती बाई! लोक समोर बसले होते, आणि त्यांच्या देखत ती बॅग आतल्या खोलीत घेऊन गेली. निळा स्वेटर काढून तिनं ताईच्या खांद्यावर टाकला आणि मग रडायला लागली.

सगळे गेल्यावर धाकटी ताईसमोर बसली. "मला वाटलं, देवाला सांगतेय..." एवढंच ती बोलली.

"मला आधी विचारलं असतंस तर," ताई म्हणाली.

"तू हो म्हणाली असतीस?"

"नाही. पण विचारलं असतंस तर."

ही गोष्ट धाकटीच्या फार जिव्हारी लागली. त्या रात्री तिनं प्रार्थना करायचा प्रयत्न केला, तर जे शब्द आठवले ते सगळे भाऊजींचे. गोड, घडवलेले. ते तिनं सोडून दिले. मग शब्दच उरले नाहीत. नुसतीच गप्प बसून राहिली. हीसुद्धा प्रार्थना असू शकते, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आपण देवावर नाही, त्या गोड आवाजावर विश्वास ठेवला होता, हेही कळलं.

वाचकहो, तुमचा धर्म कुठलाही असो, हा आजार तुमच्याही गल्लीत आहे. कुणी त्याला काळजी म्हणतं, कुणी सल्ला, कुणी प्रार्थना. दुसऱ्याच्या बंद दाराआडचं दुःख आपण चार लोकांत नेतो आणि पुण्य केल्याच्या समाधानात घरी येतो! आणि ज्याला गोड बोलता येतं त्याच्या बाजूला जाऊन उभे राहतो. क्षमेचा उपदेश ज्याला लागलंय त्याला, आणि ज्यानं मारलंय त्याला मात्र मान! हे थांबायला हवं. देवाला सांगण्याआधी माणसाला विचारा. तो नको म्हणाला, तर गप्प बसा आणि त्याच्याजवळ बसा.

धाकटीनं तेवढंच केलं. दर शुक्रवारी निघताना ती ताईला विचारायची, "तुझ्यासाठी काही मागू?" ताई म्हणायची, "नको." धाकटी म्हणायची, "बरं," आणि जायची. संघात तिची पाळी आली की सांगायची, "आज माझा विषय नाही." पहिल्यांदा लोकांनी माना वळवून पाहिलं. मग सवय झाली. मग आणखी एका मुलीनं तसंच सांगितलं, आणि सेक्रेटरीनं तिला "का?" असं विचारलं नाही.

मधे बरेच शुक्रवार गेले. ताईला एका शाळेच्या वाचनालयात काम मिळालं होतं. वकिलाकडे तिच्या फेऱ्या चालू होत्या आणि पाळकबाई खरोखरच तिच्याबरोबर जात होत्या. अशाच एका शुक्रवारी धाकटी चपला घालत होती. प्रश्न तिच्या ओठांवर आला, तेवढ्यात ताईच म्हणाली, "ऐक."

"काय?"

"झोप लागत नाही मला. त्यासाठी माग."

धाकटी जागच्या जागी थांबली. "तुझं नाव सांगू?"

ताईनं हातातलं पुस्तक मिटलं.

"सांग," ती म्हणाली. "माझंच नाव आहे."