बाईंचा पाय

शाळा सुरू व्हायचा दिवस जवळ आला तसं बँडच्या बाईंना अन्न गोड लागेना. बिगुलं घासून झाली, झांजांचे पट्टे बदलून झाले, मोठ्या ड्रमचं कातडं ताणून झालं. हाताला काम उरलं नाही की जिवाला घोर लागायचा.

मोठा ड्रम इतकी वर्षं गडगडीकडे होता. तिचं खरं नाव हजेरीपुरतं. एरवी सगळ्यांची ती गडगडी. दहावीची परीक्षा देऊन ती शाळेबाहेर पडली, आणि सुट्टीतल्या तालमीत बाईंना कळलं, की बाई हातातल्या काठीनं ताल दाखवायच्या, तिच्याकडे पोरं कधी बघतच नव्हती. ती बघायची गडगडीच्या कोपराकडे. आता त्या जागी चिमणी नावाची लहानखुरी पोर उभी होती. ड्रमच्या वर तिचे दोन डोळे तेवढे दिसायचे. सुरुवात नीट व्हायची, अर्ध्यावर तिचे ठोके धावत सुटायचे, मागून झांजा, आणि बिगुलं बिचारी धापा टाकत.

नव्या मोठ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. पहिल्या दिवशी मैदानावर बँड ऐकणार, मगच बँडचा तास ठेवायचा की खोली संगणकांना द्यायची ते ठरवणार.

"अगं, लढाईला निघालीस का?" नवऱ्यानं ताट पुढे सरकवत विचारलं.

"लढाईत निदान समोरचाही चुकतो," बाई म्हणाल्या.

एका दिवसापुरती जुन्या पोरीला बोलाव, असं त्यानंच सुचवलं. बाईंनी लाज गिळून फोन केला. गडगडी हरखली. गणवेश अजून अंगाला होतोय म्हणाली. बाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. मग सहज त्यांनी विचारलं, इतकी वर्षं लय धरलीस, ती कशाच्या आधारानं?

"तुमच्या पायाच्या. काठी काय, दिसायला छान. पाय खरं बोलतो."

"माझा पाय?"

"टाच हलते ना तुमची. तुम्हाला माहीत नाही?" पोर जरा घुटमळली. "फक्त तुम्ही घाबरलात की तो पळतो, बाई. मग मी मान वर करायचे आणि मनातल्या मनात मोजायचे."

बाई खुर्चीवर टेकल्या. म्हणजे चिमणीही पायच बघत होती, चुकत नव्हती. ती आज्ञाधारक पोर बाईंची भीतीच वाजवत होती, ठोक्याला ठोका.

"मग येऊ ना उद्या?"

"ये. पण कडेला बस. ड्रम चिमणीकडेच राहील."

सकाळी मैदानावर बाईंनी चपला काढल्या. माती गार होती. मोठ्या बाई हाताची घडी घालून उभ्या, गडगडी कडेला बसलेली. चिमणीची नजर खाली, बाईंच्या टाचेवर. लहानग्यांना चाल शिकवताना म्हणायची ओळ बाईंनी ओठांतल्या ओठांत धरली:

चाल माझ्या पावला, उंबरा ओलांडून,
घाईला ठेव रे दाराशी बांधून.

काठी उठली. अर्ध्यावर आल्यावर टाचेला मुंग्या आल्या, सुटू सुटू झाली. बाईंनी सगळं अंग तिच्यावर टाकलं. एक ठोका जड पडला, पुढचा जागेवर आला. बिगुलं श्वास घेऊन वर चढली, आणि सगळी मिळून शेवटाला पोचली.

मोठ्या बाई म्हणाल्या, सहामाहीपर्यंत तास राहू दे, मग पुन्हा ऐकू.

सहामाही म्हणजे काय, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर येणार. बाईंना आत्ताच तिची चाहूल लागली.

"बाई, ड्रम उतरवू?" चिमणीनं विचारलं.

"राहू दे बाळा. अजून एकदा."