गुंत्याला नाव मिळालं

बायको गेली त्या दिवशी मी दुकानात एका ट्रकच्या सीटवर रेक्झिन ताणत होतो. मेहुण्याचा फोन आला. "भाऊजी, सगळं टाकून या. ताईला गुंत्यावर ट्रकनं उडवलं." पुढचं त्यानं सांगितलं नाही. त्याच्या आवाजावरून कळलं.

गुंता म्हणजे शहराबाहेर दोन हमरस्ते एकमेकांवरून जातात ती जागा. वर पूल, खाली रस्ता आणि एकावरून दुसऱ्यावर उतरायला चार बाजूंना चार गोल. बांधून झाला तेव्हापासून लोक त्याला गुंता म्हणतात. 'गुंत्याच्या अलीकडे सोड', 'गुंत्यात शिरू नकोस, बाजारातून ये.' बायको माझ्यावर चिडली की म्हणायची, "तुमच्याशी बोलणं म्हणजे गुंत्यावर गाडी घालणं."

चुकीच्या गोलात शिरलं की इथले लोक गाडी तशीच मागे घेतात, मागून येणाऱ्यांच्या अंगावर. त्यालाही शब्द आहे, उसवणं. 'चुकलास? थोडं उसवून घे.' मी रोज शिवण उसवतो. त्यात कुणी मरत नाही.

बायको लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. स्कूटर घेऊन ती गोलात वळली आणि समोरून ट्रक मागे मागे येत होता. ड्रायव्हर पोलिसांना म्हणाला, "सगळेच उसवतात, साहेब." यात खोटं काही नव्हतं.

खरं तर मागे यायची गरजच नसते. एकामागून एक चारही गोल घेतले की माणूस पुन्हा जिथून शिरला तिथेच येतो. एवढं सांगणारा एक बोर्ड लावा, म्हणून मी रस्ते विभागाच्या साहेबाकडे गेलो.

"तुमचं दुःख मी समजू शकतो," साहेब म्हणाला.

"दुःख राहू द्या. बोर्ड लावा."

"बोर्डावर ठिकाणाचं नाव घालावं लागतं. गुंता कसं घालणार? एवढा मोठा प्रकल्प, लोक हसतील."

"मग नावाशिवाय लावा."

"तसं चालत नाही."

म्हणून नाव शोधायला समिती बसली. साहेब, ज्यानं पूल बांधला तो ठेकेदार, भाषेचे एक प्राध्यापक आणि मी. मला का घेतलं ते उघड होतं. माझ्या शेजारी बसून फोटो काढला की विभागाला काळीज आहे असं दिसतं.

प्राध्यापकांनी पहिल्याच बैठकीत गुंता निकालात काढला. "गुंता आपोआप होतो. हे तर आखून बांधलेलं आहे."

"मग मुद्दाम केलेला गुंता म्हणा," मी म्हणालो.

ठेकेदार खो खो हसला. पूल आपणच बांधलाय हे त्याला जरा उशिरा आठवलं.

साहेबानं चहा मागवला. बोलता बोलता माझ्या तोंडून उसवणं हा शब्द गेला. प्राध्यापक खुर्चीत पुढे सरकले. "उसवणं! वा! लोकभाषा किती जिवंत असते बघा."

"असेल. माझी बायको नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. मग खिशातून पेन काढून विचारलं, "साधारण कधीपासून म्हणतात असं?"

या माणसाला मारावं असं मला वाटलं नाही. तेवढीही त्याची लायकी नव्हती.

बैठका होत राहिल्या. वलय की वर्तुळ यावर एक अख्खी दुपार गेली. शेवटी नाव ठरलं, 'चतुर्वलय मार्गसंगम'. साहेबाला ते भारदस्त वाटलं आणि ठेकेदाराला काहीच वाटलं नाही. भला मोठा बोर्ड उभा राहिला, त्याच्यावर दिवे लागले. उद्घाटनाला भाषणं झाली. प्रत्येकानं ते नाव कागदात बघून वाचलं, ज्यांनी ते काढलं त्या प्राध्यापकांनीसुद्धा.

कार्यक्रम संपल्यावर मी साहेबाला गाठलं. "आता नाव आहे. माझा बोर्ड कधी?"

"त्याचं काय आहे, याच्या जवळ दुसरा बोर्ड लावला तर नाव झाकलं जाईल. जागा बघावी लागेल."

"गोलात शिरायच्या आधीच लागतो तो. दुसरी जागा कुठली?"

"बघू की," म्हणत साहेब गाडीत बसला.

मी मेहुण्याच्या टॅक्सीतून निघालो. मेहुणा खुशीत होता, साहेबानं त्याच्याशी हात मिळवला होता. "नाव भारीच आहे हो भाऊजी, पण जीभ वळत नाही. गुंताच बरा आपला." बडबडीच्या नादात तो भलत्याच गोलात शिरला. गाडी थांबवली, मान मागे वळवली आणि रिव्हर्स टाकला.

"थोडं उसवतो. बसा घट्ट."

मी गिअरवर हात ठेवला.

"अहो, मागे कुणी नाहीये. बघितलं मी."

"तुझ्या बहिणीच्या वेळी त्या ट्रकवाल्यानंही बघितलं होतं."

तो स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागला. मला दया आली नाही. सख्खा भाऊ, आणि त्याच्याही हाताला तीच सवय.

"घरी जाऊन रड. आधी गाडी पुढे घे," मी म्हणालो.

मी सांगत गेलो, तो वळवत गेला. एक गोल, मग पुढचा, असे चारही झाले आणि आम्ही जिथून शिरलो होतो तिथे आलो. त्यानं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"मग कुणी सांगत का नाही?"

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या रेक्झिनवर काळ्या रंगानं लिहून मीच फलक केला आणि गोलाच्या तोंडाशी खांबाला बांधला. विभागाची माणसं येऊन तो काढून घेऊन गेली. विनापरवाना होता म्हणे.

लोक अजून गुंताच म्हणतात आणि अजून उसवतात. मी साहेबाकडे जातो. तो मला बसायला सांगतो, चहा मागवतो आणि जागा बघतोय म्हणतो. बोर्ड लागलेला नाही.