पोलिश बाबाच्या चार रचना

जिन्यावरून पडून दादाचं उजवं मनगट मोडलं, त्याला दीड वर्ष होत आलं होतं. प्लास्टर निघालं, पट्टा निघाला, तरी पियानोचं झाकण काही उघडलं नव्हतं. लोक आपल्याला विसरले असतील अशी दादाची खात्री होती. म्हणून सभागृहाच्या व्यवस्थापकांचा फोन आला, तेव्हा आनंद व्हायच्या ऐवजी त्याचा चेहरा उतरला. छोटेखानी मैफल, एकाच संगीतकाराची, आणि त्याच्या चार रचना दादाने स्वतःच्या आवडीने निवडायच्या. कोणता संगीतकार, हे विचारायची गरजच नव्हती. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या पोलिश माणसापायी दादाने उभं आयुष्य घालवलं होतं. धाकटी त्याला ‘पोलिश बाबा’ म्हणायची, कारण घरात त्याचा मान एखाद्या थोरल्या काकांएवढा होता.

यादी शनिवारी पाचपर्यंत हवी होती. पत्रिका छापायला जायची होती.

धाकटी म्हणजे दादाची बहीण. वय पंचेचाळीस, नोकरी नकाशे काढणाऱ्या कचेरीत, आणि सतराव्या वर्षापासूनचं दुसरं काम म्हणजे मैफलीत दादाच्या डाव्या हाताला बसून स्वरलिपीची पानं उलटणं. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. पान लवकर उलटलं तर वाजवणारा अडखळतो, उशिरा उलटलं तर डोळे वटारतो, आणि दोन पानं एकदम उलटली तर भर सभेत अब्रू जाते. टाळ्या मात्र सगळ्या त्याच्या. धाकटीने कधी कुरकुर केली नव्हती, पण हिशेबात धरलंच नव्हतं असंही नाही.

शनिवारी दुपारी दादा वाजवायला बसला. त्याने निवडलेल्या चारही रचना डोंगराएवढ्या होत्या. पहिल्याच सोनाटाच्या तिसऱ्या पानावर उजव्या हाताने मान टाकली. दादाने पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा त्याने प्रयत्नच केला नाही. झाकण बंद केलं आणि मनगट चोळत म्हणाला, “फोन कर त्यांना. सांग, नाही जमणार. आता नाही आणि पुढेही नाही.”

धाकटीला ठाऊक होतं, आज नाही म्हटलं की हे झाकण पुन्हा कधी उघडायचं नाही.

“त्यांनी आवडीच्या रचना मागितल्यात,” ती म्हणाली. “तू ताकद दाखवायला निघालायस.”

“मग निवड ना तू! तू काय दिवे लावतेस ते तरी बघू.” आणि तो तणतणत चहा टाकायला आत गेला.

धाकटीने कपाट उघडलं. पोलिश बाबाची तीस-पस्तीस पुस्तकं होती. संगीतातलं आपल्याला काय कळतंय, असं ती नेहमी म्हणायची, पण पानांतलं तिला सगळं कळत होतं. जे पुस्तक जास्त वाजलं त्याचा वरचा कोपरा जास्त मळका, आणि जे जास्त वाजलं तेच आवडीचं. इतकं सरळ. अंगठा फिरवत तिने चार पुस्तकं काढली. कोपरे काळे पडलेले, कुरतडल्यासारखे, दोन पुस्तकांना तर चिकटपट्ट्या लावलेल्या. ती विजयी मुद्रेने त्यांच्यावर हात ठेवून बसली.

दादा कप घेऊन आला, पुस्तकांकडे बघितलं आणि हसायलाच लागला. दीड वर्षात तो इतका हसला नव्हता.

“अगं वेडे, या चौघांना तर मी सगळ्यात घाबरतो! पाठ होत नाहीत म्हणून पुस्तक लागतं, पुस्तक लागतं म्हणून तू लागतेस. हे कोपरे माझ्या भीतीने मळलेत.”

“मग आवडीच्या कुठल्या?”

“त्या माझ्या मला येतात. लहानपणी पियानो शिकवणाऱ्या बाईंच्या वहीवरून शिकलो होतो. नंतर पुस्तकं आणली ती नुसती जवळ असावीत म्हणून. बघ मागच्या रांगेत, कोरी असतील.”

खरंच कोरी होती. एकाची तर छापखान्यातून जोडून आलेली पानं अजून कापलेलीही नव्हती. छोट्या छोट्या रचना, बऱ्याचशा तिकडच्या डोंगरातल्या नाचांच्या चालीवरच्या, कुठलीही पाच मिनिटांच्या वर नाही.

“या कधी मैफलीत का नाही वाजवल्यास?”

दादा जरा ओशाळला. “लोक म्हणतील, एवढंच येतं का.”

“लोक गेले खड्ड्यात. मला वाजवून दाखव.”

तो बसला. धाकटीही सवयीने शेजारी बसली, आणि तिच्या लक्षात आलं की समोर पुस्तकच नाही. दादाने सावकाश सुरुवात केली. मनगटावर उपचार करणाऱ्या बाईंनी हात आपटू नका असं बजावलं होतं, आणि इथे आपटण्यासारखं काही नव्हतंच. एक पट्टी चुकली. तो स्वतःशीच हसला आणि पुढे गेला.

धाकटीचा हात दोनदा उगाच उचलला गेला. मग तिने तो मांडीवर ठेवून दिला. पान उलटणाऱ्याचे डोळे नेहमी दोन ओळी पुढे असतात. जे आत्ता वाजतंय ते त्याच्या कानावर पडतं, पण त्याला ऐकू येत नाही. अठ्ठावीस वर्षं ती दादाच्या इतकी जवळ बसली होती की त्याचा श्वास तिला कळायचा, आणि त्याचं वाजवणं तिने आज पहिल्यांदा ऐकलं. आधी तिला रागच आला, एवढी वर्षं हे आपल्यापासून लपवल्याचा. मग डोळे भरून आले, आणि तिने ते पुसलेही नाहीत.

तिसरी रचना संपली तेव्हा मनगट दुखत नव्हतं. दादा ते वळवून वळवून बघत राहिला.

“तीन झाल्या. चौथी?”

“आणखी दोन वाजव,” धाकटी म्हणाली. “ऐकून सांगते.”

त्याने दोन वाजवल्या. तिने दुसरी निवडली. का, ते तिला सांगता आलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. यादीत तीच लिहिली.

पाचला पाच मिनिटं कमी असताना दादाने स्वतः फोन लावला आणि चार नावं सांगितली. व्यवस्थापकांनी ती दोनदा विचारून लिहून घेतली. मग म्हणाले, “आणि मंचावर नेहमीसारख्या दोन खुर्च्या ना?”

दादाने धाकटीकडे बघितलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला दिसलं की एकट्याने तिथे बसायची त्याला भीती वाटतेय. क्षणभर तिला वाटलं, सांगावं दोन ठेवा म्हणून. तिने त्याच्या हातातून फोन घेतला.

“मंचावर एकच ठेवा,” ती म्हणाली. “माझी खाली, पहिल्या रांगेत. मला ऐकायचंय.”