माझ्या आडून बोलणाऱ्या दोघी

मित्रांनो, मी एक जुनी डमी आहे. शिवणाच्या दुकानात एका लोखंडी दांड्यावर बिनडोक्याची, बिनहातांची उभी असते ना, तीच मी. डोकं नाही म्हणून हसू नका. डोकं असलेल्यांनी माझ्या जिवाला काय घोर लावला, ते आधी ऐका.

कारखान्यात कापूस ठासून, वर जाड कापड ताणून मला बनवलं. दुकानात आले तेव्हा काय थाट होता माझा! रोज नवा झगा. गिऱ्हाइकं म्हणायची, "हिला बसलाय ना, अगदी तस्साच हवा." दुकान दोन जावांचं. थोरली कापायची आणि मशीनवर शिवायची. धाकटी काजं-बटणं आणि इस्त्री करायची. माझा स्क्रू पहिल्यापासून सैल. बोट लावलं की मी गर्रकन फिरते.

एकदा धाकटीला यायला उशीर झाला. ती आल्यावर थोरलीनं मला तिच्याकडे फिरवलं आणि मलाच म्हणाली, "तुझं बरं आहे बाई! काम ना धाम, नुसतं नटून उभं राहायचं." मी चक्रावलेच. कापडाचे तागे घेऊन आलेला माणूस फिस्सकन हसला, "काय टोमणा मारलात!" टोमणा? मला फक्त टाचण्या ठाऊक. तसलंच काहीतरी टोकदार असेल म्हणून मी अंग चोरून वाट बघत राहिले. मला काहीच टोचलं नाही. धाकटीचं तोंड मात्र एवढंस्सं झालं. बोलायचं माझ्याशी आणि लागायचं तिला, यालाच टोमणा म्हणतात, हे तेव्हा कळलं.

मग काय, रोजचंच झालं. दिवसभर माझं इकडे फिर, तिकडे फिर.

पुढे थोरलीची शिलाई वाकडी जायला लागली. डोळे अधू झाले होते, पण ते मान्य कोण करणार? धाकटीला तोंडावर सांगवेना. थोरली जेवायला घरी गेली की ती गुपचूप ते टाके उसवून नीट घालायची. कधी मला थोरलीकडे फिरवून म्हणायची, "अगं, तुझा खांदा उतरलाय. जरा उजेडात बघ ना." त्यात टोचणी नव्हती हो, काळजी होती! पण थोरलीच्या कानांना टोमण्यांचीच सवय. ती मला परत फिरवायची. "लोकांच्या कामाला नावं ठेवल्याशिवाय काहींना अन्न पचत नाही!"

एक दिवस थोरली चावी विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परतली. बघते तर धाकटी तिनं शिवलेली बाही उसवतेय! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेव्हाही तिनं मलाच फिरवलं. "सांग हिला, उद्यापासून दुकानात पाऊल ठेवायचं नाही."

माझा जीव नुसता तळमळत होता. सगळं माझ्यासमोर घडलेलं, पण बोलायला तोंड कुठलं? धाकटीनं माझ्या खांद्याकडे हात नेला. मग तो मागे घेतला आणि ती थेट थोरलीसमोर जाऊन उभी राहिली.

"ताई, तुम्हाला नीट दिसत नाहीये."

तिनं ती बाही थोरलीच्या हातात दिली. "बोट फिरवून बघा. वरची शिलाई तुमची, खालची माझी."

थोरलीनं बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग ती मटकन खाली बसली.

"मग सांगितलं का नाहीस गं मला?"

"सांगत होते की. हिला."

दोघी माझ्याकडे बघून रडल्या, मग हसल्या. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता थोरलीला चष्मा लागलाय. मशीनवर दोघी आळीपाळीनं बसतात. माझ्याशी कुणी बोलत नाही. मी कोपऱ्यात असते, अंगावर चिंध्या, स्क्रू गंजलेला. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? तेलाचे दोन थेंब सोडलेत तर बरं होईल. पण मित्रांनो, मनातलं बोलायचं ते माणसाकडे बघूनच बोला. मला कपडे घाला, बोलणी नकोत.

परवा धूळ पुसताना धाकटीनं मला फिरवलं. मला वाटलं, झालं पुन्हा सुरू! पण तिनं मला खिडकीकडे वळवून ठेवलं आणि माझ्या पाठीमागून मोठ्यानं म्हणाली, "ताई, आज चहा अगदी पाणचट केलात हं!"

"मग उद्या तू कर!" थोरली म्हणाली.