सावित्रीचा शिमगा

उणे सातला तीनने भागलं तर बाकी किती उरते, यावरून हंगेरीचा मात्याश आणि बोलिव्हियाचा एस्तेबान यांच्यात जुंपली, आणि त्या भांडणाचा सगळा ताप महाडात बसलेल्या सुधीरच्या डोक्याला झाला.

सुधीर मूळचा पोलादपूरच्या वरच्या डोंगरातला. घरी आई चंद्राबाई, गुरं आणि उतारावरची नाचणी. तो मात्र बिरवाडीत खोली घेऊन एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होता. सुट्टी मिळाली की त्याचा मुक्काम महाडच्या बाजारात, नौमानच्या सायबर कॅफेत. नौमानची धाकटी बहीण आफिया कॉलेजात सुधीरच्या वर्गात होती आणि गणितात त्याच्या चार पावलं पुढे. आता ती शिकवण्या घेई. या दोघांनी मिळून गणित सोडवणारा एक प्रोग्राम लिहिला होता आणि त्याला आपल्या नदीचं नाव दिलं होतं, सावित्री. तो त्यांनी विकला नव्हता. त्याचा सगळा कोड इंटरनेटवर उघडा ठेवला होता, गावच्या पाणवठ्यासारखा. ज्याला हवा त्याने न्यावा, चूक दिसली तर सुधारून पाठवावी. आलेली सुधारणा तपासून आत घ्यायची की परत धाडायची, एवढं या दोघांनी ठरवायचं.

बघता बघता जगभरची माणसं जमली. त्यात सगळ्यात तयारीचे मात्याश आणि एस्तेबान. निम्मी सावित्री त्यांच्याच हातची. आणि आता दोघेही लिहीत होते, माझं खरं धरणार नसाल तर मी सगळा कोड उचलून वेगळी चूल मांडतो. उघड्या कोडाला तशी मुभा असतेच. अर्धी माणसं एकाच्या मागे जाणार, अर्धी दुसऱ्याच्या, आणि महाडात उरणार सुधीर, आफिया आणि नौमानचा खडखडणारा पंखा.

मात्याश म्हणे, बाकी उणे एक. एस्तेबान म्हणे, बाकी दोन. गंमत अशी की गणिताला दोन्ही चालतात. तिनाची उणे दोन पट घेतली तर उणे सहा होतात आणि उणे एक उरतं. उणे तीन पट घेतली तर उणे नऊ होतात आणि दोन उरतात. पण प्रोग्रामाला असं दोन्हीकडे मान डोलावून चालत नाही. त्यावर कहर म्हणजे दोघेही छातीठोकपणे सांगत, सावित्री आजही माझ्याच रीतीने बाकी काढते, आणि समोरचा खोटारडा आहे. भागाकाराचा तो तुकडा सुधीरने स्वतः लिहिलेला, सावित्रीतला अगदी पहिला. त्यात काही खोट असेल हे त्याच्या मनालाही शिवलं नाही. तो बापडा भांडण मिटवत बसला.

होळीच्या दिवशी रजा टाकून तो कॅफेत आला तेव्हा आफिया कपाळाला हात लावून बसली होती.

“आज काय नवीन?”

“मात्याशने एस्तेबानला गाढव म्हटलंय. एस्तेबानने लिहिलंय, गाढवाला निदान पुढं कुठलं नि मागं कुठलं ते कळतं.”

“हे बाकी बरं लिवलान.”

“हसू नको रे. माणूस जाईल आपला.”

नौमान गल्ल्यावरून म्हणाला, “तुम्ही दोघं पंच झालात ना या लोकांचे? पंचाला निदान च्या तरी पाजतात.”

तेवढ्यात बाहेरून होळीचं लाकूड खांद्यावर घेतलेला घोळका बोंब मारत गेला. पुढे कापडवाला काशीराम शेठ. एरवी ‘या, बसा’ याच्यापलीकडे तोंड न उघडणारा हा माणूस शेजारच्या चांगूच्या नावाने तोंडावर हात मारून बोंबलत होता, आणि चांगू त्याच लाकडाला खांदा देऊन खदखदा हसत चालला होता.

सुधीर खुर्चीतून ताडकन उठला. “आफिया, सरक जरा.”

त्याने सगळ्यांना जाणारं पत्र लिहायला घेतलं. इंग्रजी त्याचं जेमतेम, पण त्या दिवशी धबधब्यासारखं आलं. आमच्याकडे वर्षातून एकदा असा दिवस येतो, की ज्याच्याबद्दल जे पोटात असेल ते ओठावर आणायचं. तोंडावर हात मारायचा आणि मोठ्याने ओरडायचं. कुणाचे आईबाप, देश नि देव सोडून बाकी सगळं माफ. सूर्य मावळला की संपलं, पुढे जो राग धरील तो हलक्या काळजाचा. आज सूर्य मावळेपर्यंत आपल्या सावित्रीवर शिमगा जाहीर केला आहे.

“खाली तुझं पण नाव टाकतोय,” तो म्हणाला.

“टाक. अब्बांना कळलं ना की त्यांची लेक हंगेरीत शिमगा लावून बसलीय, तर ते परत कुवेतला जातील.” असं म्हणत तिनेच बटण दाबलं.

 मग धरणाचं दार उघडावं तशी पत्रं आली. मात्याशने एस्तेबानच्या कोडाला ओल्या चपलेची उपमा दिली. एस्तेबानने उत्तर दिलं की मात्याशचा कोड वाचून त्याच्या आजोबांचं घड्याळ उलटं फिरायला लागलं. आजवर एक शब्द न बोललेली माणसंही उठली. जपानच्या एका वयस्कर प्राध्यापकाने लिहिलं, ‘प्रथम क्षमा मागतो. तुम्हा दोघांचा कोड पाहून मला झोप लागत नाही. पुन्हा क्षमा मागतो.’ आफिया हसता हसता खुर्चीवरून घसरली. नौमान एकेक पत्र मोठ्याने वाचायला लागला, त्याला अर्थ कळो न कळो.

मग न्यूझीलंडच्या एका बाईंचं पत्र आलं. आमच्याकडे सूर्य कधीच मावळला, मी उद्या बोंबलले तर चालेल का?

“चालेल म्हणून कळव,” सुधीर खुशीत म्हणाला.

आफियाचं हसू मात्र थांबलं. “सुधीर, सूर्य मावळेपर्यंत म्हंजे रे कुणाचा सूर्य?”

सुधीर बोटांवर तास मोजायला लागला. महाडचा सूर्य मावळेल तेव्हा हंगेरीत टळटळीत दुपार असणार, आणि एस्तेबानची तर सकाळची न्याहारी चालली असणार. त्याने लावलेला शिमगा सूर्याच्या मागोमाग पृथ्वीला फेरी मारणार होता, आणि त्याला आवरायला कुणी नव्हतं.

“गेलं,” तो म्हणाला. “आता दोघंपण जाणार.”

“तू आधी एस्टी पकड. होळीला घरी पोचला नाहीस तर तुझी आई मला शिव्या घालील, आणि त्या काही शिमग्यातल्या नसतील.”

वाडीवर फोन नव्हता. होळी पेटली, नारळ पडले, सगळे बोंबलले, आणि सुधीर मात्र पश्चिमेकडे बघत उभा.

“ध्यान कुठं हाय रे तुझं?” चंद्राबाईने विचारलं.

“आये, तिकडं अजून दिवस हाय.”

“तिकडं म्हंजे? खोपोलीला?”

“त्याच्या पण पलीकडं.”

“मग असूं दे की. त्यांचा दिवस तू काय धरून ठेवणार हायस? पोळी खा गुमान.”

दुसऱ्या दिवशी धुळवडीचा रंग तोंडावर तसाच घेऊन तो दुपारी महाडात उतरला. कॅफेचं शटर अर्धं खाली होतं. आत आफिया पोट धरून हसत होती. तिने नुसतं स्क्रीनकडे बोट दाखवलं.

रात्रभरात झालं होतं ते असं. मात्याश ओरडला, उणे सातचा हिशेब स्वतः करून बघ की, आंधळ्या! एस्तेबान ओरडला, तू माझा हा लांबलचक आकडा घालून बघ, बहिऱ्या! शिव्यांच्या भरात दोघांनीही एकमेकाचं गणित चालवून पाहिलं. लहान आकडा आला की सावित्री काम थेट कंप्युटरवर ढकलत होती, आणि तो मात्याशचं उत्तर देत होता. आकडा मालगाडीएवढा लांब झाला की सुधीरने हाताने लिहिलेला भागाकार लागत होता, आणि तो एस्तेबानचं उत्तर देत होता. दोघेही खरं बोलत होते. खोट सुधीरची.

तिथून पुढची सगळी बोंब एकाच नावाने होती. एकाने लिहिलं, या गड्याने एका पायात बूट आणि दुसऱ्यात सपाता घालून शर्यतीला नाव दिलंय. दुसऱ्याने लिहिलं, हा कोड संग्रहालयात ठेवा, पण बघायला येणाऱ्यांना हेल्मेट द्या. जपानच्या प्राध्यापकांचं पत्र एका ओळीचं होतं, ‘या वेळी क्षमा मागत नाही.’

आणि सगळ्यात शेवटी मात्याश आणि एस्तेबान यांनी मिळून पाठवलेली सुधारणा. खाली दोघांची नावं. सुधीरचा भागाकार मुळापासून काढलेला, आणि त्याच्या जागी दोन वेगळ्या बाक्या, दोन वेगळ्या नावांनी. ज्याला जी हवी ती त्याने मागून घ्यावी. सोबत लिहिलं होतं, घ्यायची तर सगळी घ्या, एक ओळ इकडची तिकडे नको. नाहीतर आम्ही जातो. दोघेही, एकत्र.

सुधीरच्या तोंडावरच्या गुलालातूनही त्याचा उतरलेला चेहरा दिसला. सावित्रीत आफियाने एक अक्षर लिहायच्या आधीचा तो तुकडा होता.

“नको असेल तर नको म्हण,” आफिया हळूच म्हणाली. “तू म्हणशील तसं करू.”

सुधीरने त्यांचा कोड वरपासून खालपर्यंत वाचला. मग आपला काढला आणि मोठ्याने वाचायला लागला. चौथ्या ओळीला त्याला स्वतःलाच ठसका लागला. सातव्या ओळीला तो टेबलावर डोकं ठेवून हसत होता.

“हे मी लिवलं? शुद्धीत?”

“मला काय विचारतोस?”

त्याने ती सुधारणा तशीच्या तशी आत घेतली आणि आपला भागाकार पुसून टाकला. पुसल्यावर दोन्ही बाक्या चालवून बघितल्या, लहान आकड्याच्या आणि लांब आकड्याच्या. चोख. मग तो उठला, शटरपाशी गेला, तोंडावर हात मारून त्याने असा काही सूर लावला की समोरच्या औषधाच्या दुकानातली माणसं बाहेर आली.

“अरे, गिऱ्हाइकं पळतील!” नौमान धावला. “कुणाच्या नावानं बोंबलतोस?”

“माझ्याच!”

“तुझ्या?” नौमानने बाह्या वर सारल्या. “वर्षभर माझा एक कंप्युटर अडवून बसलायस. सरक तिकडं, मला पण जागा दे.”