ब्रह्मदत्त नावाचा रस्सा

या, जवळ सरून बसा. बुवा यायला अजून वेळ आहे, पखवाजाला कणीक लागते आहे. तोवर एका माशाच्या रश्श्याची गोष्ट सांगतो. देवळाच्या पायरीवर माशाची गोष्ट म्हणून नाक मुरडू नका. ऐकून घ्या, मग ठरवा.

आमच्या चामोर्शीच्या ढिवर मोहल्ल्यात गुणाबाई राहत असे. वैनगंगेत जाळं टाकणारं घर. झिंग्यांचं कालवण करावं तर तिनंच. एकुलता मुलगा वारलू. एका सप्त्यात कीर्तन ऐकून तो इतका हलला, की बुवांच्या हातून तुळशीची माळ घालूनच घरी आला. मासळी सुटली ती सुटलीच. आईच्या झिंग्यांचा वास साऱ्या मोहल्ल्यात पसरायचा नि हा ओसरीत वरण-भात कालवत बसायचा.

"ढिवराच्या पोटी बैरागी आला बाप्पा!" गुणाबाई चिडायची. पण कीर्तनाला बसली की शेजारच्या बायांना हीच कौतुकानं सांगायची, माह्या पोराची माळ पाहा म्हणून.

दुसरी मोठी लढाई लागली तसा वारलू पलटणीत गेला. शेजारचा मुखरू त्याच्यासोबत. इटलीत, समुद्राकाठच्या कुठल्याशा गावी वारलू पडला; मुखरू परत आला. गुणाबाईनं त्याला एकच विचारलं, "मरायच्या आधी माह्या पोरानं काय खाल्लं गा?"

"पोटभर खाल्लं वो मावशी. तिथल्या एका कोळणीनं माशाचा रस्सा केला होता. दोन वाट्या पिला."

बिचाऱ्याला वाटलं, आईचा जीव निवेल. त्या दिवसापासून गुणाबाई कीर्तनाला आलीच नाही. दहा वर्षं. बोलवायला गेलो तर म्हणायची, "माळ मोडली माह्या पोरानं. कोन्त्या तोंडानं बसू?" बुवा स्वतः गेले, म्हणाले, भुकेल्यावर देव रागवत नाही. तिनं मान हलवली. आली मात्र नाही.

छप्पन्न सालच्या माघात ती आपणहून मुखरूच्या दारात उभी राहिली. "तो रस्सा मले करून दाखव. कशापायी माह्या वारलूनं माळ मोडली, पाहू दे एकडाव."

मुखरू टाळू लागला. समुद्राचे मासे कुठून आणू, तिकडचं तेल कुठून आणू.

"नदीचे घे," म्हणत झिंगे, मरळ आणि मूठभर शिंपले तिनंच आणून टाकले. ते तिकडचं तेल, झैतुनाचं म्हणजे ऑलिव्हचं, आठवडी बाजारात बशीर अत्तरवाल्याकडे बोटभर शिशीत निघालं.

"मुखरूभाऊ, मालिशचं तेल आहे हे, खायचं नाई."

"पोटालेच मालिश करतो, दे तू."

रश्श्याचं नाव मुखरू ब्रोदेत्तो सांगायचा. आम्ही कीर्तनावर कान पोसलेले लोक. आम्हाला ते ब्रह्मदत्त ऐकू आलं, आणि मोहल्ल्यात तेच रुजलं. त्या दुपारी ब्रह्मदत्त कसा उतरतो ते पाहायला आम्ही चार-पाच जण त्याच्या अंगणात जमलो. पसरट मडक्यात तेल, तेलात लसूण, वर टमाटर फोडून घातले, मग मासे. हळद नाही, तिखट नाही. मी मदत म्हणून पळी पुढं केली तर मुखरू ओरडला, "पळी नको! मडक्याचे कान धरून हालवाचं. पळीनं ढवळायले गेलो तर त्या कोळणीनं माह्या हातावर हाणली होती. मंग म्हने, साले, साले! मी बी शिवी हासडली. नंतर समजलं, मीठ मागत होती. त्यांच्यात मिठाले साले म्हनते."

आम्ही हसलो. गुणाबाई हसली नाही.

पळसाच्या द्रोणात तिनं रस्सा घेतला. एक घोट. एक झिंगा. पुन्हा एक घोट. मग द्रोण खाली ठेवला.

"करताना काई चुकला तर नाई ना गा?"

"नाई मावशी. असाच होता. तिकडचे मासे जरा गोड, इतकंच."

"मंग तू खोटं बोलला." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "माह्या हातचे झिंगे सोडले त्यानं. तो ह्याच्यासाठी माळ मोडीन?"

मुखरूनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग सांगू लागला. तिकडं नदीला पूर, पूल वाहून गेलेला, दोन दिवस पलटणीच्या लंगरचं रेशन पुढं आलं नव्हतं. कोळणीनं पावसुद्धा रश्श्यात बुडवूनच दिला. वारलूनं तिला हात जोडले आणि आपला वाडगा मुखरूपुढं सरकवला.

"त्याच्या वाट्याचा बी मीच खाल्ला, मावशी. सकाळी तो गेला. उपाशीच."

मला राहवलं नाही. म्हटलं, "गुणाबाई, माळ तर शाबूत राहिली ना!"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "दहा वर्षं मी देवाजवळ त्याच्यासाठी माफी मागून राह्यली गा. अन् त्यानं काई केलंच नाई. आता त्याची माफी कोनाजवळ मागू?" मग स्वतःशीच बोलल्यासारखी, "दोन दिवसाचा उपाशी होता," म्हणाली आणि उठून गेली.

मडकं तसंच निवलं. कोणाचा हात पुढं झाला नाही.

पुढल्या सप्त्यात ती कीर्तनाला आली. दाराशी बसली. प्रसादाचा द्रोण हाती आला की न खाता शेजारणीच्या पदरात घालायची. असे तीन सप्ते गेले. चौथ्याला ती जागा रिकामी होती.

टाळ वाजू लागले, चला आत. एवढं करा माझ्यासाठी: आज महाप्रसादाचा पहिला घास उचलाल तेव्हा वारलूचं नाव मनात घ्या. ते घेणारं त्याच्या घरी आता कोणी उरलेलं नाही.